मेलेल्या वजिराचा फर्मा

छापखान्यात जन्म घालवलेल्या माणसाला लोक हटकून दोन गोष्टी विचारतात. अक्षरं उलटी कशी वाचता येतात, ही एक. आणि इतकी पुस्तकं हाताखालून गेली तेव्हा वाचन दांडगं असणार, ही दुसरी. पहिलीचं उत्तर सवय. दुसरीचं उत्तर ऐकून लोकांचा हिरमोड होतो, म्हणून मी बहुधा ते देत नाही. आज दिवाळी अंकवाल्यांनी लिहाच म्हणून धरलं आहे, तर सांगून टाकतो. जुळारी वाचत नाही.

त्याच्या हाती हस्तलिखिताची चार पानं येतात, पुढची चार शेजारच्याकडे जातात. तो एकेक शब्द डोळ्यांत धरतो आणि खणांतले शिशाचे खिळे उचलून ओळीत लावतो. एकदा वेदान्ताच्या एका ग्रंथाचं काम आलं होतं. त्यातली माया माझ्या वाट्याला आली आणि मोक्ष शेजारच्या हिरामणच्या. त्यानेही तो वाचला नाही, जुळवून मोकळा झाला. संध्याकाळी आम्ही दोघं गुळाचा खडा तोंडात टाकून घरी गेलो. शिसं अंगात भिनू नये म्हणून छापखान्यात गूळ देत. त्याचा गुण कितपत येत असे ते ठाऊक नाही, पण गूळ चांगला असायचा.

आमचा छापखाना धुळ्याला चौथ्या गल्लीत होता. मालकांना सगळे आबा म्हणत. मी तिथे जुळारी म्हणून शिरलो आणि फोरमन होऊन बाहेर पडलो, मधलं सांगण्यासारखं काही नाही. गिऱ्हाइकं मात्र सांगण्यासारखी होती. एका पाटलाची म्हैस हरवली. त्याला तिचं चित्र घालून हस्तपत्रकं हवी होती. आमच्याकडे म्हशीचा ठसा नव्हता, महादेवाच्या एका पोथीसाठी केलेला नंदीचा होता. पाटील म्हणाला, चालेल, मजकुरात म्हैस लिहिलंय ना. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याच्या दारात लोकांनी बैल आणून बांधले. कोणी पत्रक वाचलंच नव्हतं, चित्र पाहिलं होतं. पाटील आमच्यावर चिडला नाही. बैलांचे मालक चिडले.

दुसरा एक नाटक कंपनीचा मॅनेजर. पहिला खेळ व्हायच्या आधीच तो 'लोकाग्रहास्तव पुन्हा एकदा' अशी दुसऱ्या खेळाची पत्रकं छापून घ्यायचा. मी एकदा विचारलं, लोकांनी आग्रह केलाच नाही तर? तो म्हणाला, पत्रक वाचून करतील. आणि करायचे. छापलेल्या शब्दाची ही ताकद मला तेव्हा जरा भीतीदायक वाटे. नंतर सवय झाली.

असं सगळं असूनही एक कादंबरी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. ती आता कुठेच मिळत नाही. धुळ्याच्या कुणाच्या माळ्यावर असलीच तर कसरीने खाल्ली असेल, कारण कागद लढाईच्या दिवसांतला होता, पिवळट आणि भुसभुशीत. तिचं नाव 'बुलंदाबादचा वेढा'.

ती घेऊन आले रामभाऊ. हे एका वकिलाकडे कारकून. काळी टोपी, घडीचं उपरणं, बोलणं मोजकं आणि जरा पुस्तकी. गोष्ट अशी होती: बुलंदाबाद नावाच्या साम्राज्याच्या राजधानीला शत्रूचा वेढा पडलेला. खरा बादशहा मोरीतून पळून गेला. त्याच सकाळी चिंधू नावाचा बहुरूपी बादशहाचं सोंग घेऊन बिदागी मागायला राजवाड्यात येतो. म्हातारा वजीर त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि म्हणतो, पोशाख अंगावर आहेच, तर बसा तिथे. चिंधू बसतो. सगळ्या दरबाराला ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही.

बाहेर शत्रूही वेढा घालून कंटाळलेला. आठवडे बाजाराला त्याचे शिपाई शहरात येतात, तलवारी जकात नाक्यावर ठेवून पावती घेतात आणि मिरच्या, डाळ घेऊन परत वेढ्यावर जातात. त्यांच्याकडे एक जादूगार असतो. तो तटावरून मंतरलेली वांगी आत फेकतो. ज्याला वांगं लागेल तो खरं बोलायला लागतो. त्यामुळे सगळे दरबारी डोक्यावर परात धरून हिंडतात. एकटा वजीर पडलेली वांगी गोळा करून, भाजून त्यांचं भरीत करतो आणि खातो. खाल्ल्यावर त्यालाही खरं बोलावंसं वाटतं, पण तोंडात घास असतो.

पुस्तक सबंध छापून विकायचं तर आबांची तयारी नव्हती. कागदावर नियंत्रण होतं, जेवढा मिळे तेवढ्यात भागवायचं. तेव्हा असं ठरलं की दर महिन्याला एक फर्मा छापायचा आणि वर्गणीदारांना तसाच सुटा पाठवायचा. फर्मा म्हणजे सोळा पानं, एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली. सगळे फर्मे आले की वर्गणीदार ते बांधून घेई. यात एक गोष्ट बाहेरच्यांना समजत नाही, ती सांगतो. एक फर्मा छापून झाला की त्याचे खिळे सोडवून परत आपापल्या खणांत टाकायचे, कारण पुढच्या फर्म्याला तेच लागतात. आमच्याकडे 'श' मुळातच थोडे, आणि या कादंबरीत ओळीआड बादशहा. म्हणजे गोष्टीचा शेवट लिहून व्हायच्या आधी सुरुवात छापून, घरोघर पोचून, वाचूनही झालेली असे. मागे जाऊन काही बदलायची सोय नाही. आणि पुस्तकाचं पहिलं पान, ज्यावर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव असतं, ते सगळ्यांत शेवटी, शेवटच्या फर्म्याबरोबर छापायचं.

प्रुफं तपासताना मी हस्तलिखित मोठ्याने वाची आणि हिरामण छापलेल्या कागदावर बोट ठेवून ताडून पाही. शेजारीच छपाईचं यंत्र. ते चालवणारा झिपरू असोद्याकडचा, फारसं न शिकलेला. माझं वाचणं सुरू झालं की त्याला यंत्राला तेल घालायची आठवण होई. वजिरावर त्याचा फार जीव. आबांनी एकदा विचारलं, रोज इतकं तेल कसं लागतं? मी म्हणालो, जुनं यंत्र आहे.

तिसऱ्या फर्म्यात वजीर मेला. तटावर उभा असताना तोफगोळा लागून. मरण्याआधी त्याने दीड पान भाषण केलं: धर्म, कर्तव्य, मातृभूमी. रामभाऊंनी हे सगळं प्रुफाच्या समासात आयत्या वेळी लिहून दिलं होतं, आणि मुळात तिथे वजिराला नुसती सर्दी झालेली होती. मला ते खटकलं, पण लेखकाला स्वतःच्या वजिराला मारायचा अधिकार असतो, त्यात फोरमनने पडू नये. छापलं आणि पाठवलं. झिपरू दोन दिवस यंत्राजवळ तोंड पाडून उभा होता. जळगावच्या एका कापसाच्या जिनातल्या मुनिमाने पत्र पाठवून वर्गणी बंद केली. वजिराशिवाय वाचण्यात स्वारस्य नाही, असं त्याने लिहिलं होतं.

पुढचे काही फर्मे शत्रूच्या छावणीत गेले, जादूगार आणि त्याची सासू यांच्यात. मग एका सकाळी मी नवीन प्रकरणाचं प्रूफ वाचायला घेतलं. दरबार भरला होता. चिंधू बादशहा सिंहासनावर होता, आणि त्याच्या उजव्या हाताला वजीर बसून भरीत खात होता.

झिपरूने यंत्र थांबवलं. त्याच्या तोंडावर इतका आनंद होता की मला पुढे वाचवेना. थोड्या वेळाने त्याचा तोच म्हणाला, "नाना, वजीर ते तिसरा फर्मामा मरी गया ना? मंग आठे कसा काय उना?"

मेलेला वजीर इथे आला कसा, ते मलाही कळेना. मी रामभाऊंना बोलावणं पाठवलं. ते आले, प्रूफ पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वजीर पुढच्या सगळ्या प्रकरणांत येणार होता. शेवट तर त्याच्याच जिवावर उभा राहणार होता. मी म्हणालो, आता काय करायचं ते तुम्ही सांगा, यंत्र थांबलंय. ते म्हणाले, उद्या सांगतो. मी म्हणालो, गोष्ट तुमची, उद्या कशाला? त्यांनी मला ओसरीवर नेलं आणि उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले,

"नाना, मला सांगता येणार नाही. ते तिला विचारावं लागेल."

"कोणाला?"

"जिने लिहिलंय तिला."

लिहिणारी त्यांची थोरली बहीण होती, यमुनाअक्का. एरंडोलला सासरी असे. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूल नाही. सासऱ्यांची शेतीवाडी मोठी, घरात माणसं पुष्कळ. सासरे वाईट नव्हते. सून दुपारी बायकांना पोथी वाचून दाखवते याचा त्यांना अभिमान होता. जेवणं उरकली की ती धान्याच्या खोलीत बसून काहीतरी लिहिते हेही त्यांना माहीत होतं, पण ती पोथी उतरवून घेते अशी त्यांची समजूत होती आणि ती कोणी मोडली नव्हती. चिंधूचं राज्य त्या ज्वारीच्या कणग्यांमध्ये बसून उभं राहिलं होतं. रामभाऊ महिन्यातून एकदा बहिणीला भेटायला जात आणि येताना पिशवीतून एक प्रकरण आणत, हल्ली तर न वाचताच आमच्याकडे देत. वजिराला मारण्याची बुद्धी मात्र रामभाऊंची स्वतःची. लोक रस्त्यात थांबवून लेखक म्हणून नमस्कार करायला लागले, तेव्हा त्यांना वाटलं, कादंबरीत एखादं तरी गंभीर मरण असावं.

दोन दिवसांनी ती स्वतः आली. सकाळच्या मोटारीने, भावाच्या घरी देवकार्य आहे असं सांगून. छापखान्यात बाईमाणूस आलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. पदर नीट डोक्यावर, अंगाने बारीक, वय पस्तिशीच्या आतबाहेर. बसायला खुर्ची आणायला हिरामण धावला, तोवर ती कागदाच्या गठ्ठ्यावर बसली होती. तिने तिसरा फर्मा मागितला. वाचला. आम्ही सगळे उगीच कामात असल्यासारखे उभे. मग तिने भावाकडे पाहिलं.

"हाई तू लिखं का रे, रामा?"

"थोडं गांभीर्य यावं म्हणून, अक्का."

"मरताना एवढं बोलतो का हा? जिवंत होता तेव्हा जेवल्याशिवाय तोंड उघडत नव्हता."

आबा मात्र व्यवहारी माणूस. ते म्हणाले, फर्मा वर्गणीदारांच्या घरी गेलाय, परत छापायला कागद नाही, तेव्हा आपण शुद्धिपत्र काढू. लांबट चिठ्ठी छापू की अमुक पानावर वजीर मेला आहे, तिथे जिवंत आहे असे वाचावे. हे त्यांनी अगदी सरळ तोंडाने सांगितलं. यमुनाअक्का आधी पदर तोंडाला लावून हसली, मग तो पदर सोडून हसली. तिचं हसणं मोकळं आणि जरा मोठं होतं. इतके महिने मी त्या कादंबरीचे खिळे जुळवत होतो, पण ती लिहिणारं माणूस मला तेव्हा दिसलं.

मग तिने पेन्सिल मागितली. त्याच गठ्ठ्यावर बसून, प्रुफाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. झिपरूने उजेडासाठी तिच्या बाजूचा खिडकीचा पडदा सरकवला, एवढंच. दुपारच्या चहाच्या सुमाराला तिने कागद माझ्या हातात दिला. तो मजकूर मी स्वतः जुळवला, म्हणून मला अजून पाठ आहे:

'वजीर आत आला. दरबारातल्या प्रत्येकाला आठवलं की आपण याला खांदा दिला होता. पण आधी कोण बोलणार? याला मेलेला म्हणावं, तर सिंहासनावरच्याला काय म्हणायचं? तेव्हा सगळ्यांनी माना लववल्या. वजीर आपल्या जागी बसला आणि त्याने विचारलं, आज भरीत आहे का.'

मी ते वाचून दाखवलं. आधी आबा हसले. मग सगळे. रामभाऊही हसले, पण त्यांचे डोळे भरले होते, ते का हे मी विचारलं नाही. त्या जागेवर आता काही खाडाखोड करावी लागत नव्हती. उलट वजीर मेला नसता तर ती इतकी चांगली झालीच नसती. पुढे गावातले मास्तर लोक म्हणायचे की लेखकाने वजिराला मारण्याची योजना पहिल्यापासून आखली होती.

त्या दिवशी मोटारीला वेळ होता, म्हणून ती बसली आणि थोडंफार बोलली. भिंतीवर कादंबरीची जाहिरात लावलेली होती, रामभाऊंच्या नावाची, ठळक. तिकडे ती दोनतीनदा बघत होती. मी न राहवून म्हणालो, अक्का, पहिलं पान अजून छापायचंय, नाव बदलता येतं. ती म्हणाली, तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही. सासऱ्यांना कळलं तर ते ओरडणार नाहीत, मारणार नाहीत. फक्त धान्याच्या खोलीची किल्ली आपल्याकडे ठेवतील. बाईमाणसाचं नाव चार गावांत छापून गेलं, तेही बहुरूप्याच्या गोष्टीवर, हे त्यांना झेपायचं नाही. दुपार गेली की मग माझ्याकडे काही राहत नाही.

हे तिने रडून वगैरे सांगितलं नाही. उठता उठता मात्र म्हणाली, "नाव नको असं नाही म्हणणार मी, भाऊ. खोटं कशाला बोलू. हवंय."

त्यानंतर मला त्या पहिल्या पानाची धास्ती बसली. एरवी पहिलं पान जुळवणं हे फोरमनच्या मानाचं काम. मोठा टाइप, भरपूर मोकळी जागा, चार ओळी. मी ते दोन्ही नावांनी मनात जुळवून पाहत असे.

शेवटचा मजकूर आला. वेढा घालणाऱ्यांची पेरणीची वेळ होते आणि ते आपापल्या गावी निघून जातात. चिंधू उठून आपली बिदागी मागतो. पण बिदागी दिली तर तो बहुरूपी होता हे कबूल करावं लागेल, म्हणून दरबार ती देत नाही. वजीर तेवढा त्याच्या कानात सांगतो की भरीत तयार आहे. संपलं. आता फक्त पहिलं पान उरलं होतं. त्याच सुमाराला गावातल्या वाचनालयाने लेखकाचा सत्कार ठरवला.

रामभाऊ दोनदा नाही म्हणाले. तो विनय समजला गेला. सत्काराला दिवाणखाना भरला होता. बायका डाव्या बाजूला, सतरंजीवर. पाहुण्यांच्या रांगेत एरंडोलचे सासरे, फेटा बांधून. व्याह्यांच्या मुलाचा सत्कार म्हणून ते सुनेलाही घेऊन आले होते. मी मागे खांबाशी उभा होतो, तिथून ती नीट दिसत होती. अध्यक्ष एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी वजिराच्या पुनरागमनात अद्वैत दाखवलं. मग हार घालून झाला आणि रामभाऊ बोलायला उठले.

त्यांनी हार काढून टेबलावर ठेवला.

"ही कादंबरी माझी नाही. माझ्या बहिणीची आहे. तिने लिहिली, मी पोचवली."

मी यमुनाअक्काकडे पाहिलं. तिने शेजारणीच्या लहान मुलीचा हात धरला होता, तो इतका घट्ट की मुलगी कळवळली. सासऱ्यांची मान हळूहळू बायकांच्या बाजूला वळली. मला वाटलं, किल्ली गेली.

मग अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते म्हणाले की आजवर पुष्कळ लेखक पाहिले, पण आपलं सगळं यश अकाली दुःख सोसणाऱ्या बहिणीच्या पायाशी वाहणारा लेखक पहिलाच पाहिला. टाळ्या सुरू झाल्या. रामभाऊ म्हणाले, नाही, मी खरंच सांगतोय. टाळ्या वाढल्या. ते तिसऱ्यांदा काही बोलायला गेले, पण कोणाला ऐकू गेलं नाही. सासरे उभे राहिले होते, फेटा जरा कलला होता, आणि असा भाऊ सगळ्यांना मिळावा, असं ते ज्याला त्याला सांगत होते, "असा भाऊ बठ्ठास्ले भेटो."

मी यमुनाअक्काकडे पुन्हा पाहिलं तेव्हा तीही टाळ्या वाजवत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. मला स्वतःला फार वाईट वाटलं. इतकं वाईट की पेढा हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं छापखान्यात आली. सासरे समोरच्या हॉटेलात चहाला बसले होते, काचेतून त्यांचा फेटा दिसत होता. रामभाऊ रात्रभर झोपले नसावेत. ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, नाना, मी सांगायचं ते सांगितलं. मी म्हणालो, मी होतो तिथे.

यमुनाअक्काने विचारलं, पहिलं पान कुठाय? ते मी जुळवून ठेवलं होतं. वर कादंबरीचं नाव, खाली लेखकाची जागा रिकामी, फळ्यांनी आवळलेली. तिने त्या रिकाम्या जागेकडे बोट केलं.

"इथे माझं नाव घाला."

मी हॉटेलाकडे पाहिलं. तिने माझी नजर ओळखली. म्हणाली, मामंजींनीच काल घरी सांगितलं, रामाची इच्छा आहे तर सुनेचं नाव पुस्तकावर येऊ द्या, त्याचं मन मोडू नका. बहिणीवरच्या मायेने तो स्वतःचं नाव काढतोय असं त्यांना वाटतं. सगळ्या धुळ्याला वाटतं. आता मी स्वतः जाऊन शपथेवर सांगितलं तरी कोणी खरं मानायचं नाही. तेव्हा आता भीती कसली?

रामभाऊ खाली बघत होते. ती त्यांच्या जवळ गेली आणि त्यांच्या उपरण्याची विस्कटलेली घडी नीट केली. पुढे तिने दुसरी कादंबरी लिहिली नाही. धान्याची खोली होती, दुपारही होती, पण आता सासरेच कौतुकाने विचारायचे, आज रामाची गोष्ट उतरवतेस का? तिला त्यावर लिहिणं झालं नाही. याची रुखरुख मला आहे. पण ते सगळं मागाहून. त्या सकाळी मी खिळे ओळीत लावायची स्टिक घेतली आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी लावायचं 'गं. भा.' आधी लावलं, मग यमुनाबाई, मग आडनाव. मधल्या टाइपात. ओळ काठोकाठ भरली.

मी जुळवलेली ओळ तिच्यापुढे धरली. उलटी अक्षरं तिला वाचता येईनात, म्हणून मी एकेक खिळ्यावर बोट ठेवून वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं की याहून मोठा टाइप आहे का. मी म्हणालो, आहे, पण ओळीत मावणार नाही.

"सुरुवातीचं ते गं. भा. काढलं तर?"

"मग मावेल."

"काढा तर. कुणी खरं धरणार नाहीच, निदान नाव तरी मोठं दिसू दे."

मी ते खिळे काढून त्यांच्या खणांत परत टाकले आणि सगळ्यांत मोठ्या टाइपाच्या खणांची पेटी पुढे ओढली.